सायवनहून दुसरी घंटी

दोन हजार एकोणीसचा डिसेंबर. गंजाडला थंडी चांगलीच पडली होती. मनिषकाकांच्या अंगणात शेकोटी पेटली होती आणि भोवती पाड्यावरची चार-पाच पोरं-पोरी बसली होती. त्यात निलमही होती. तिला सोमवारपासून तलासरीच्या एका कंपनीत कामाला लागायचं होतं, कॉम्प्युटर रूममध्ये. मिरची-भेंडी गोठवून परदेशी पाठवणारी ही कंपनी. काकांनी तिथेच अठरा वर्षं शिफ्ट सुपरवायझर म्हणून काढली होती आणि गेल्या मे महिन्यापासून ते निवृत्त होऊन घरी होते. निलमने सहज विचारलं, "काका, माझ्या आधी त्या खोलीत कोण होतं?"

काकांनी एक लाकूड आत सरकवलं.

"मुकेश होता," ते म्हणाले. "सांगतो. आज ना उद्या तुला कुणीतरी अर्धवट सांगेलच, त्यापेक्षा पूर्ण ऐकून जा. पण आधी सगळ्यांनी मोबाईल बंद करा. मध्येच वाजलेला मला चालणार नाही."

पोरं हसली. काका हसले नाहीत, तेव्हा एकेकाने मोबाईल बंद केला. मग काकांनी सुरुवात केली.

मुकेश रानशेतचा. बाप लहानपणीच गेला, आईने दुसरं घर केलं, आणि पोराला वाढवलं ते सायवनच्या मामाने. मामाचं नाव काकड्या. बुटका, काळा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. याच मामाने भाच्याला खांद्यावर घेऊन शाळेत नेलं, डहाणूला कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं. स्वतःला अक्षराची ओळख नाही, पण भाच्याचं सर्टिफिकेट त्याने घरात देवाशेजारी लावलं होतं. मुकेशला कंपनीत नोकरी लागली तशी त्याने साहेबांना गळ घालून मामालाही लावून घेतलं, सायवनच्या केंद्रावर रात्रीचा वॉचमन म्हणून. केंद्र कसलं, जुनं विटांचं गोडाऊन ते. शेतकऱ्यांची मिरची तिथे वजन होऊन सकाळी गाडीत भरली जायची.

तिथे मोबाईलला रेंज नाही, आजही नाही. मध्ये डोंगर येतो. म्हणून कंपनीने छतावर डिश लावून तिथे एक टेबलावरचा फोन दिला होता. आपल्या कंपनीचे सगळे फोन, सगळे मेसेज तलासरीच्या एकाच सर्व्हरमधून जातात. डहाणूच्या ऑफिसने सायवनला फोन लावला तरी तो आधी तलासरीला येणार, मग सायवनला जाणार. सर्व्हर बंद म्हणजे सगळे मुके. आणि तो सर्व्हर सांभाळायचं काम मुकेशचं.

आता गेल्या हिवाळ्याची तुम्हाला आठवण आहेच. नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत होते. आज एक, उद्या दोन, कधी एकाच रात्रीत चार. लोक तान्ही पोरं घेऊन अंगणात झोपायचे, दव पडून गोधड्या ओल्या व्हायच्या. सायवनच्या गोडाऊनची मागची भिंत फुगली होती. मुकेशने मामाला बजावलं होतं, "खाट बाहेर महूच्या झाडाखाली टाक. आत झोपायचं नाही. फक्त रात्री अकराला एकदा आत जा, मला फोन कर, आणि लगेच बाहेर ये. म्हणजे तू बरा आहेस हे मला कळेल."

मामाच्या फोनची एक रीत होती. ही रीत तुमच्या आजीनेही तुम्हाला शिकवली असेल. रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारेल. ते दुसरं जे असतं… ते एकदाच मारतं. काकड्या फोनलाही तोच नियम लावायचा. आधी एक घंटी द्यायची आणि ठेवून द्यायचं. मग तंबाखू मळून होईपर्यंत थांबायचं. मग पुन्हा फोन. मुकेश दुसऱ्या घंटीलाच उचलायचा. मामा विचारायचा, "हाय ना?" हा म्हणायचा, "आहे." झालं. दोन शब्दांचा फोन. तेवढ्यावर दोघेही झोपायचे.

तर एकोणीस जानेवारी, शनिवार. पौर्णिमेला दोन दिवस होते, चांदणं टिपूर. दोन वर्षं त्या सर्व्हरवर एकही अपडेट चढवलेलं नव्हतं. आधीचा माणूस आळशी, आणि मुकेशला कुणी वेळ देत नव्हतं. शेवटी मुंबईच्या साहेबांनी बडगा उगारला. क्युम्युलेटिव्ह अपडेट आजच्या आज टाकायचं. क्युम्युलेटिव्ह म्हणजे काय, तर मागच्या सगळ्या दुरुस्त्या एकाच गाठोड्यात बांधलेल्या. एकदा ते सोडायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. रविवारी सकाळी सहाला माल निघायचा होता, त्याच्या आत फोन चालू पाहिजेत. म्हणून रात्री सव्वाअकराला सुरुवात करायची ठरली.

मुकेशने सगळ्यांना मेल टाकली की सव्वाअकरा ते दोन फोन बंद राहतील. सायवनच्या कॉम्प्युटरवरही ती मेल गेली. पण तो कॉम्प्युटर संध्याकाळी सहाला बंद होतो, आणि चालू असता तरी मामाला काय कळणार होतं? मुकेशला ते ठाऊक होतं. तो मनात म्हणाला, अकराला मामाचा फोन येईलच, तेव्हा तोंडी सांगू. यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. रोज अकराला येतो तो फोन.

पण मामाकडे घड्याळ नव्हतं, आणि मोबाईलवरची वेळ त्याला वाचता येत नव्हती. कासाहून येणारी शेवटची जीप गोडाऊनसमोरून गेली की त्याचे अकरा वाजायचे. त्या रात्री जीपला उशीर झाला.

अकरा वाजले. पाच झाले, दहा झाले. मुकेश त्या खोलीत एकटा, समोर टेबलावर त्याचा फोन. मोबाईलवर मुंबईचे साहेब, दर दोन मिनिटांनी, "सुरू केलंस का?" मुकेशने दोनदा सांगितलं, सर, पाच मिनिटं. तिसऱ्यांदा साहेब चिडले.

अपडेटच्या आधी सर्व्हर रिकामा करावा लागतो. म्हणजे असं की चालू असलेले कॉल पूर्ण होऊ द्यायचे, पण नवा कॉल आत घ्यायचा नाही. स्क्रीनवर आकडा दिसतो, चालू कॉल किती. तो शून्यावर आला की पुढचं काम. मुकेशने ती कमांड लिहिली. अकरा वाजून सतरा मिनिटांनी एंटर दाबलं.

आणि बोट अजून एंटरवरच असताना टेबलावरचा फोन वाजला.

एकच घंटी. मग गप्प.

मुकेशचा हात रिसीव्हरवर गेला. पण त्याने उचलला नाही. कसा उचलणार? लहानपणापासूनचा नियम. तो दुसऱ्या घंटीची वाट बघत बसला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की दुसरी घंटी येऊच शकत नाही. सर्व्हर आता नवा कॉल घेत नाही. त्यानेच तसं सांगितलंय त्याला.

पण त्याने स्वतःची समजूत घातली. मामा दोनदा लावून बघेल, नाही लागला तर बाहेर जाऊन झोपेल. शहाणा माणूस आहे.

स्क्रीनवर आकडा होता, चालू कॉल, एक. त्याने उघडून बघितलं. सायवनहून मुकेशच्या टेबलावर. पण मुकेशचा फोन तर ठेवलेला होता. तो पाच मिनिटं थांबला. दहा थांबला. एकाचा शून्य होईना. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अडकलेली नोंद असेल. जबरदस्तीने बंद कर." मुकेशने तसं केलं. साडेअकराला सर्व्हरचं सगळं काम थांबलं. डहाणूपासून सायवनपर्यंत एकेक फोन मुका झाला. मुकेशच्या टेबलावरच्या फोनची हिरवी खूण गेली, स्क्रीनवर नुसते तीन ठिपके फिरत राहिले. अपडेट सुरू झालं.

अकरा बेचाळीसला धक्का बसला.

तलासरीतही चांगला जाणवला. कपाट खडखडलं, चहाचा ग्लास टेबलावरून सरकत सरकत खाली पडला. मुकेश दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. पाच-सहा सेकंदच. मग सगळं शांत. बाहेर कुत्री भुंकायला लागली. तो परत आला. अपडेट चौतीस टक्क्यांवर होतं. त्याला मामाची आठवण झाली आणि त्याने मोबाईलवरून मामाच्या मोबाईलला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. लागणारच नव्हता, तरी त्याने सात वेळा लावला.

मग बारा वाजले. बारा वाजून पाच. खोलीत पंख्यांची घरघर… आणि दुसरं काहीच नाही.

बारा वाजून सात मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला.

मुकेश त्याच्याकडे बघत राहिला. स्क्रीनवर तीन ठिपके फिरत होते. सर्व्हर बंद. हा फोन वाजूच शकत नाही, बाबांनो. विहिरीत पाणी नसताना नळाला कुठून येणार?

पण वाजत होता. एक घंटी नाही. लागोपाठ. ही दुसरी हाक होती. आणि दुसरी हाक माणूसच मारतो.

त्याने उचलला.

"मुकेश… हाय ना?"

"आहे, मामा. तू कुठे आहेस?"

"फोन लागत नव्हता रे. म्हटलं, तू काळजी करशील… म्हणून बसून रायलो इथंच. लागंल, लागंल म्हणून."

मामा आतच होता. अकरा सतरापासून, त्या फुगलेल्या भिंतीला टेकून, बंद फोन हातात धरून. भाच्याला झोप यावी म्हणून.

"मामा, बाहेर जा. आधी खाटेवर जा. मग बोलू."

"…"

"मामा?"

"नाय जाववत."

मग नुसता श्वास. बारीक. मध्ये काहीतरी माती गळल्यासारखं… सर्र… आणि पुन्हा श्वास.

मुकेशने उजव्या हाताने मोबाईल काढून गेटवर फोन केला. कंपनीच्या रात्रीच्या जीपचा ड्रायव्हर दिपक तिथेच झोपला होता. "दिपक, उठ. सायवनला जा. गोडाऊनमध्ये मामा अडकलाय. कुदळ घे, माणसं घे." दिपकने काही विचारलं नाही. जीप निघाल्याचा आवाज मुकेशने खिडकीतून ऐकला. तलासरीहून सायवन म्हणजे रात्रीच्या त्या रस्त्याने तास लागणारच.

"मामा, दिपक निघालाय. तासाभरात येतो."

"बरं."

"दुखतंय का?"

"…"

"मामा, बोलत राहा."

"तू ठेवू नको, मुकेश."

"नाही ठेवत."

"ठेवू नको हां."

मुकेश मला नंतर म्हणाला, काका, मी त्याला सगळं बोललो. शाळेचं बोललो, नदीवर खेकडे धरायचो ते बोललो, सुकीमामीचं बोललो. बोललो की तिकडून कधी "हं" यायचं, कधी नाही यायचं. मी रडत होतो आणि बोलत होतो.

मग स्क्रीनवर एक चौकट आली. अपडेट पूर्ण करण्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट होईल. दहा मिनिटं. पुढे आकडा उलटा मोजायला लागला. नऊ एकोणसाठ. नऊ अठ्ठावन्न.

रद्द करायचं बटण होतं. पण करडं. दाबलं जात नव्हतं. त्याने माऊस आपटला, साहेबांना फोन लावला, साहेबांनी उचलला नाही. ते झोपले होते. सर्व्हर बंद झाला की हा कॉलही तुटणार. कॉल मुळात कशावर चालू आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण तुटणार एवढं कळत होतं. वायर उपटावी तर डेटाबेस मोडेल, मग फोन सकाळीही चालू होणार नाहीत. तो नुसता बघत बसला. एका कानाला रिसीव्हर. सात मिनिटं… चार… दोन…

"मामा, थोडा वेळ आवाज जाईल. घाबरू नको."

"ठेवू नको."

"मी ठेवत नाही, मामा. माझ्या हातात नाही ते."

शून्य.

सर्व्हरचे दिवे गेले. पंखे थांबले. टेबलावरच्या फोनची स्क्रीन काळी झाली. खोलीत पहिल्यांदाच खरी शांतता झाली…

आणि त्या शांततेत, रिसीव्हरमधून, श्वास येत होता.

पहिल्यापेक्षा स्पष्ट.

मुकेशने तरीही ठेवला नाही. त्याने शब्द दिला होता.

एक वाजला. सर्व्हरचे दिवे परत लागले. दीड झाला. मग रिसीव्हरमध्ये लांबून एक आवाज आला. जीपचा हॉर्न. दोनदा. दिपकची सवय, पोचला की दोनदा वाजवतो.

"आले," मामा म्हणाला.

आणि दुसऱ्या हातातला मोबाईल वाजला. रेंज नाही तिथे, सांगितलं ना तुम्हाला? दिपक परत फिरून पाऊण किलोमीटरवरच्या चढावर आला होता, तिथून लावला होता. म्हणजे पोचून, बघून, उकरून, मग फोन. पण मुकेशने हॉर्न तर आत्ता ऐकला होता.

"मुकेशदादा," दिपक म्हणाला. "भिंत पडलीय. मामाला काढलं आम्ही. पण दादा… तो गार पडलाय. हात-पाय ताठायला लागलेत. पडली तेव्हाच गेला असणार."

दिपक बोलतच होता.

"फोन हातात धरलाय त्याने. सुटत नाही. दादा, ऐकतोयस ना? पण वायर तुटलीय. छतावरची डिशपण खाली आलीय. तुला कुणी कळवलं, दादा?"

मुकेशच्या उजव्या कानाला मोबाईल होता. डाव्या कानाला रिसीव्हर.

डाव्या कानात श्वास चालू होता.

काका थांबले. जाळ बसत आला होता. कुणीतरी काडी टाकली.

"मी सकाळी साडेपाचला शिफ्टला आलो," ते म्हणाले. "फोन सगळे चालू झाले होते, काम चोख. मुकेश तसाच बसला होता. रिसीव्हर कानाला. डोळे उघडे. दिपकचा फोन येऊन चार तास झाले होते, आणि हा मामाच्या मयताला निघाला नव्हता. म्हणाला, काका, ठेवू नको म्हणालाय. मी कसा ठेवू? मग मी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. एकेक बोट सोडवावं लागलं."

"तुम्ही कानाला लावला?" निलमने विचारलं.

काकांनी काठीने निखारे ढवळले.

"खाली ठेवला मी तो," ते म्हणाले. "मीच ठेवला. मुकेशने नाही. माणूस मेला होता आणि एक जिवंत पोर वेडं व्हायच्या वाटेला लागलं होतं. दुसरं काय करणार होतो मी? पण गेलं वर्षभर मला पहाटे साडेपाचला जाग येते."

मुकेशने नोकरी सोडली. आता रानशेतला भात लावतो. मोबाईल ठेवत नाही.

"सायवनचं गोडाऊन पाडून टाकलं," काका म्हणाले. "तो फोन पोलिसांनी पंचनाम्यात नेला. तो नंबरही कंपनीने काढून टाकला. मार्चमध्ये पुढचं अपडेट आलं, मुंबईहून दोन इंजिनिअर आले. सर्व्हर रिकामा करायला घेतला. सगळे कॉल संपले, आकडा उतरत उतरत एकावर आला. आणि तिथेच थांबला. सायवन ते मुकेश. चालू. पुढे वेळ मोजला जात होता. मी तिथे उभा होतो. वेळ मागे मोजून बघितला त्यांनी. त्या रात्रीच्या बारा वाजून सात मिनिटांपासूनचा निघाला. तेव्हा सर्व्हर बंद होता. ते रात्रभर थांबले, सकाळी निघून गेले. जुलैत परत आले, तेव्हाही तेच. त्यानंतर कुणी अपडेट केलेलं नाही. म्हणून तर तुला घेतलंय."

निलम हळूच म्हणाली, "पण काका, अशी नोंद अडकली तर जबरदस्तीने बंद करता येते. आम्हाला कोर्समध्ये शिकवलंय."

"येते ना," काका म्हणाले. "मुकेशनेही त्या रात्री तेच केलं होतं. बारा सातचा फोन त्यानंतरच वाजला."